कंपनीच्या स्टॉलआधी स्कोप धुण्याची खोली

प्रश्न असा आला आहे: “मी नुकताच गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीत (पोट, आतडी, यकृताच्या विकारांत) डी.एम. झालो. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस सुरू करतोय. पॉलिप (आतड्यातला मांसाचा कोंब) ओळखणारं एआय, एकदाच वापरून टाकायचे स्कोप (पोटात बघायच्या दुर्बिणी), असं रोज काहीतरी नवं येतंय. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत यातलं काय टिकेल? आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांशी संबंध किती ठेवावेत? एका कंपनीने सल्लागार म्हणून करार करू असं सुचवलंय. आमचे सर म्हणतात, चार हात लांब राहा.”

तुमच्या सरांचं मी अर्धंच ऐकेन. पैशाच्या बाबतीत चार हात लांब राहायचंच. पण यंत्र बनवणाऱ्या माणसापासूनही लांब राहिलात, तर दुसऱ्या कुणाच्या तरी पेशंटसाठी बनवलेली यंत्रं तुम्ही आयुष्यभर विकत घेत बसाल. माझ्या पिढीने बऱ्याच अंशी तेच केलं.

मी रेसिडेंट होतो त्या काळातलं सांगतो. सिरॉसिसचा (यकृत कडक झालेला) पेशंट रात्री दोनला रक्ताच्या उलट्या करत यायचा. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांवर बँड टाकायचं यंत्र तेव्हा एका वेळी एकच रबरी बँड सोडायचं. बँड टाकला की स्कोप बाहेर काढायचा, टोकावर नवा बँड चढवायचा, पुन्हा आत जायचं. सहा बँड म्हणजे सहा फेऱ्या. दर वेळी घसा खरवडू नये म्हणून आधी ओव्हरट्यूब नावाची जाड नळी अन्ननलिकेत बसवायची. ती बसवताना अन्ननलिका फाटण्याची धास्ती असायची, आणि कधीमधी ती फाटायचीही. ती नळी हातात घेतली की आमच्या युनिटमध्ये कुणी बोलत नसे.

बँडची कल्पना मुळात मूळव्याधीवरच्या रबर बँडवरून आली. डेन्व्हरचे सर्जन ग्रेग स्टीगमन यांनी ती अन्ननलिकेत आणली. त्यांचा पहिला अहवाल १९८६ चा. एकच बँड सुटतो ही अडचण त्यांनाही दिसत होती आणि जगभर बँड टाकणाऱ्या प्रत्येकाला दिसत होती. नव्वदच्या दशकात ह्यूस्टनच्या झाहिद सईद यांच्या नावाचं सहा बँडचं यंत्र एका कंपनीने बाजारात आणलं. टोकावर सहा बँड चढवलेली टोपी, चॅनेलमधून (स्कोपच्या आतल्या पोकळ नळीतून) मागे येणारा दोरा आणि हाताशी एक चाक. शीर टोपीत ओढायची, पडदा लाल झाला की चाक फिरवायचं, बँड सुटला. स्कोप आतच. ओव्हरट्यूब कपाटात गेली ती परत निघाली नाही. यात इलेक्ट्रॉनिक असं काहीच नाही, एक दोरा आणि एक चाक. पण आपल्या शाखेत माझ्या डोळ्यांदेखत वाचलेल्या जिवांची गणती केली, तर या दोऱ्याच्या जवळपास येणारी यंत्रं फार थोडी निघतील. डॉक्टरची अडचण आणि कारागिराचा हात एकाच टेबलावर आले की असं होतं.

आता जपानकडे बघा. १९५० च्या सुमारास टोकियो विद्यापीठाचे सर्जन तात्सुरो उजी यांना पोटाच्या आतला फोटो हवा होता, कारण त्यांच्याकडे जठराचा कॅन्सर फार आणि तो कळायचा उशिरा. ओलिम्पसच्या अभियंत्यांबरोबर त्यांनी गॅस्ट्रोकॅमेरा तयार केला. नळीच्या टोकाला बारीक दिवा, भिंग आणि फिल्म. बघायची सोयच नव्हती! खोलीत अंधार करायचा, पोटाच्या कातडीतून उजेड कुठे दिसतो त्यावरून टोक कुठे आहे ते ताडायचं, फोटो काढायचे आणि फिल्म धुवून झाल्यावर निदान. पुढे १९५७ मध्ये अमेरिकेत बॅसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची वाकणारी दुर्बीण केली आणि ती आधी स्वतः गिळून पाहिली. म्हणजे वाकणाऱ्या काचतंतूंतून आत बघायची ही सोय अमेरिकेतली. तरी आज तुमच्या युनिटमध्ये येणारा स्कोप बहुतेक ओलिम्पस, फुजीफिल्म किंवा पेंटॅक्सचाच असेल, आणि तिन्ही कंपन्या जपानी. माझ्या मते याचं मोठं कारण असं, की तिथला डॉक्टर कारखान्यात जाऊन तक्रार करायला लाजला नाही आणि तिथल्या रोगाने त्याला गप्प बसू दिलं नाही.

म्हणजे ज्या देशाचा डॉक्टर भांडतो, त्या देशाच्या रोगासाठी यंत्र बनतं. पॉलिप ओळखणाऱ्या एआयचंही तेच आहे. ते आलं कारण अमेरिकेत, युरोपात निरोगी माणसांची कोलोनोस्कोपीने (मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून) तपासणी करून आतड्याचा कॅन्सर टाळायची पद्धत रुळलेली आहे. तिथे डॉक्टरचं मोजमापच त्याला किती जणांत अडेनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारा पॉलिप) सापडतो यावर होतं. चीनमधल्या एका चाचणीत (२०१९) हे प्रमाण एआयशिवाय २०.३ टक्के होतं, एआयसह २९.१ टक्के झालं. आकडा चांगलाच आहे. पण वाढीव सापडलेले बरेचसे पॉलिप बारीक, निरुपद्रवी जातीचे. त्यामुळे २०२५ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या मार्गदर्शक गटाने सरसकट वापराच्या विरुद्ध, सौम्य का होईना, शिफारस केली. त्याच वर्षी पोलंडमधल्या चार केंद्रांचा अभ्यास आला, तो मला जास्त बोचला. एआय वापरायची सवय लागल्यावर त्याच डॉक्टरांनी एआय बंद ठेवून केलेल्या कोलोनोस्कोपीत अडेनोमा सापडायचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर घसरलं. निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यावरून टोकाचा निष्कर्ष काढू नये. पण गाडीत नकाशा बोलायला लागल्यापासून मला माझ्याच शहरातल्या गल्ल्या आठवत नाहीत, त्यामुळे मी त्यावर लगेच विश्वास ठेवला.

आपल्याकडे कोलोनोस्कोपीने तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. आपला पेशंट येतो तो रक्त पडतंय म्हणून, वजन उतरलंय म्हणून, आणि पोट अर्धवट साफ झालेलं असताना. आमच्याकडे एआयचा डिमो लागला तेव्हा त्या पेटीने दोन खरे पॉलिप दाखवले आणि शेवग्याच्या शेंगेचा चोथा चार वेळा हिरव्या चौकटीत धरला. मग तिने चूक केली का? नाही. तिला शेवगा कुणी शिकवलाच नव्हता. मला एआय हवंच आहे, पण दुसऱ्या कामासाठी. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे व्रण दिसतो आणि टीबी की क्रोन्स (आतड्याच्या दाहाचा जुनाट आजार) हे ठरत नाही. बायोप्सीही मोघम येते. मग टीबीची औषधं सुरू करून दोन-तीन महिने वाट बघायची. क्रोन्स असेल तर तेवढा काळ वाया, आणि टीबी असताना स्टिरॉइड दिलं तर अनर्थ. या प्रश्नाचे व्हिडिओ जगात कुणाकडे असतील तर ते आपल्याकडे. पाच-सहा वर्षं पेशंटमागे राहून अखेर काय निघालं याची नोंद ठेवलेले व्हिडिओ म्हणजे सोनं आहे. ते कंपन्यांनाही कळतं. “सर, रेकॉर्डिंग द्या, आम्ही प्रोसेसर (स्कोपचं चित्र पडद्यावर आणणारी पेटी) बसवून देतो,” हे वाक्य तुम्हाला लवकरच ऐकू येईल. तेव्हा लगेच हो म्हणू नका. पेशंटची त्या वापरासाठी वेगळी लेखी संमती लागेल. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच. नाव-पत्ता काढून टाकलेला असावा. आणि त्या व्हिडिओवर तयार झालेलं सॉफ्टवेअर पुढे तुमच्यासारख्या केंद्रांना कोणत्या दराने मिळणार, हे आधी कागदावर यावं. नाहीतर आपलाच ऊस देऊन आपणच साखर चढ्या भावाने आणायची.

आता धुण्याच्या खोलीबद्दल. हा विषय परिषदेत शेवटच्या दिवशी जेवणानंतर ठेवतात, म्हणून मी इथे लांबवतो.

ईआरसीपीच्या (तोंडातून स्कोप घालून पित्तनलिकेत करायच्या उपचाराच्या) ड्युओडेनोस्कोपच्या टोकाला एलिव्हेटर असतो, वायर आणि ट्यूब उचलून धरणारा छोटा पूल. त्याच्या मागचा कोपरा साफ करणं अवघड. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए रुग्णालयाने १७९ पेशंटांना कळवलं की अशा स्कोपमधून तुम्हाला औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा संसर्ग झाला असू शकतो. सात जणांना तो झाला होता, दोघे दगावले होते. तिथे धुणं कंपनीच्या पुस्तकाबरहुकूम होत होतं, हे विशेष. पुढे अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या खात्याने) कंपन्यांकडून नमुने तपासून घेतले. नीट धुतलेल्या स्कोपपैकीही ५.४ टक्क्यांपर्यंत धोकादायक जंतू निघाले. २०१९ मध्ये त्यांनी टोकाचा भाग बदलता येईल अशा रचनेकडे वळायला सांगितलं आणि वर्षअखेरीस पूर्ण एकदाच वापरायच्या ड्युओडेनोस्कोपला परवानगी दिली.

आता हे आपल्या गावात आणून बघा. आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांनी येतं, मधले दिवस टँकर. पाण्यात क्षार इतके की स्कोप धुवायच्या मशीनचे फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी तुंबायचे आणि व्हॉल्व्हवर पांढरा थर बसायचा. मी कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं तर म्हणाला, पुस्तकात असं काही नाही. खरंच नव्हतं. ज्यांनी पुस्तक लिहिलं त्यांच्या नळाला चोवीस तास मऊ पाणी येतं. शेवटी मशीनच्या आधी वेगळा फिल्टर आणि सॉफ्टनर बसवायची कल्पना आमच्या मामांची. तेवीस वर्षं ते स्कोप धुतायत. एलिव्हेटर खाली असताना घातलेला ब्रश मागच्या कोपऱ्याला लागतच नाही, हेही त्यांनीच मला मोबाईलचा कॅमेरा झूम करून दाखवलं. मी वीस वर्षं ईआरसीपी करत होतो आणि मला ते माहीत नव्हतं. कंपनीशी बोलायला बसाल तेव्हा मामांना किंवा तुमच्या एंडोस्कोपीच्या सिस्टरना शेजारी बसवा. खरी अडचण त्यांच्या हातात असते.

पूर्ण डिस्पोझेबल स्कोपचं माझं भाकीत असं: आयसीयूत, रात्री-अपरात्री, किंवा अंगात असे जंतू आहेत हे आधीच माहीत असलेल्या पेशंटला ते उपयोगी पडतील. महात्मा फुले योजनेच्या पॅकेजमध्ये ते बसत नाहीत आणि कचऱ्याचा डोंगर होतो तो वेगळाच. सर्रास चालेल ते बदलतं टोक.

याला लागूनच एक गोष्ट आहे, ती आपण आपापसात कुजबुजतो आणि बाहेर बोलत नाही. पित्तनलिकेचं तोंड कापायचा स्फिंक्टेरोटोम, खडा काढायचे बास्केट, बलून यांच्या पाकिटावर ‘एकदाच वापरा’ असं असतं, आणि आपल्याकडे कितीतरी ठिकाणी ते ईटीओ करून (वायूने निर्जंतुक करून) पुन्हा वापरतात. कारण उघड आहे: प्रत्येक वेळी नवं काढलं तर शेतमजुराला पित्तनलिकेतला खडा काढून घेणं परवडत नाही. पण कितव्यांदा वापरलं याची वही नसणं आणि बिलात दरवेळी नव्याची किंमत लागणं, याला परवडण्याशी काही देणंघेणं नाही. ते लबाडीत जमा. तुम्ही पहिल्या दिवसापासून वही ठेवा. आणि कंपनीला हा प्रश्न तोंडावर विचारा: पाच वेळा सुरक्षित वापरता येईल असा स्फिंक्टेरोटोम तुम्ही का बनवत नाही? मी विचारलाय. समोरचा हसला आणि चहा मागवला. त्यांच्या धंद्याचं गणितच एकदाच वापरण्यावर उभं आहे, म्हणून उत्तर येणार नाही. शंभर जणांनी विचारलं तर येईल कदाचित.

भविष्याबद्दल एक अप्रिय गोष्ट. तुमच्या नुसत्या बघण्याच्या स्कोपी कमी होणार आहेत. बव्हेनो सहा या तज्ज्ञ परिषदेच्या (२०१५) निकषांनुसार कॉम्पेन्सेटेड सिरॉसिसच्या (पोटात पाणी, रक्ताची उलटी असं अजून काही न झालेल्या) पेशंटचा फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताच्या कडकपणाचं माप, २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील, तर शिरा बघण्यासाठी स्कोपी टाळता येते. म्हणजे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचं काम काढून घेतलं, आणि पेशंटच्या दृष्टीने ते उत्तमच झालं. ईएमआयवर स्कोप घेतलेल्या डॉक्टरला मात्र हा निकष विसरायचा मोह होतो. तुम्ही स्कोपीच्या आकड्यावर कर्जाचं गणित मांडत असाल तर आताच थांबा. वाढ आहे ती उपचारात: एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, स्वादुपिंडाभोवतीची घाण आतून काढणं, इनोए यांनी २००८ मध्ये जपानात सुरू केलेली पोएम (अन्ननलिकेचा आवळलेला स्नायू आतून कापणं). वजन कमी करायला जठरात ठेवायच्या फुग्यांवर मी पैसे लावणार नाही. वजन उतरवणाऱ्या, आठवड्याला एकदा घ्यायच्या इंजेक्शनांपुढे त्यांचा निभाव कठीण दिसतो. फायब्रोस्कॅनबद्दल एक सावधगिरी: कॅम्पमध्ये येणारं मशीन बहुधा लिव्हरची गोळी विकणाऱ्या औषध कंपनीच्या खर्चाने येतं. तिथे दर दुसऱ्या माणसाला फॅटी लिव्हर निघतं आणि दर दुसऱ्याच्या चिठ्ठीवर तीच गोळी.

तुमचा करार. नियम थोडक्यात: डॉक्टरने उद्योगाकडून भेटवस्तू, सहली घेऊ नयेत हे २००९ पासून मेडिकल कौन्सिलच्या नियमांत आहे. उपकरण कंपन्यांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या औषधनिर्माण विभागाची वेगळी विपणन संहिता आली. जुलै २०२२ मध्ये प्राप्तिकरात १९४आर हे कलम आलं. वर्षात वीस हजारांवर मिळालेल्या फायद्यावर देणाऱ्याने दहा टक्के कर कापायचा. म्हणजे ‘फुकट’ मिळालेल्या वस्तूचाही हिशेब लागतो. अमेरिकेत कोणत्या डॉक्टरने कोणत्या कंपनीकडून किती घेतलं हे २०१४ पासून कुणालाही संकेतस्थळावर बघता येतं. आपल्याकडे अशी सोय नाही, तेव्हा ती तुम्हीच करा: वेटिंग रूममध्ये पाटी लावा, ‘अमुक कंपनीचा मी सल्लागार आहे.’ ती लावायला हात धजत नसेल, तर सही करू नका. याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

करारात मानधन तासावर असावं आणि काम लिहिलेलं असावं. वर्षाला किती बँड, किती स्टेंट घेणार याचा त्यात उल्लेखही नको. मी एकदा फसलो ते वेगळ्या वाटेने. प्रोसेसर बिनपैशाचा, बदल्यात चार वर्षं ॲक्सेसरीज त्यांच्याच आणि ठरलेल्या संख्येने. दुसऱ्या वर्षी बास्केटची संख्या भरत नव्हती, तेव्हा मी स्वतःला एका पेशंटबाबत ‘बलूनऐवजी बास्केटच वापरू’ असं म्हणताना पकडलं. पेशंटला काही झालं नाही. पण ते वाक्य माझं नव्हतं, त्या कराराचं होतं. उरलेले पैसे भरून मी बाहेर पडलो. आणखी एक कलम बघा: वाईट निष्कर्ष प्रसिद्ध करायचा हक्क तुमच्याकडे आहे का? ‘कंपनीच्या पूर्वपरवानगीने’ हे शब्द दिसले तर खोडा. दुरुस्तीच्या करारात, स्कोप कारखान्यात गेला तर किती तासांत बदली स्कोप मिळेल हे आकड्यात लिहून घ्या. माझा एकदा सात आठवडे गेला होता, आणि ‘लवकरात लवकर’ एवढंच लिहिलेलं होतं.

सुरुवात कुठून करायची? एका वहीपासून. कोणता बँड सुटला नाही, कोणता स्टेंट सरकला, कोणत्या बास्केटची तार खड्यासकट अडकली. तारीख, लॉट नंबर, काय झालं. यातलं गंभीर ते मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे कळवा. उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घ्यायला तो गाझियाबादच्या फार्माकोपिया आयोगात २०१५ पासून चालतो, आणि बऱ्याच डॉक्टरांना त्याचं नावही माहीत नसतं. दोन वर्षांची वही झाली की तुमच्याकडे अशी गोष्ट असेल जी कंपनीच्या कुठल्याही विक्री अधिकाऱ्याकडे नाही. मग परदेशी कंपनीच कशाला? आयआयटी मुंबईत २०१४ पासून बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र आहे, पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी त्याच्याशी जोडलेले आहेत. डॉक्टर अडचण घेऊन येतो, अभियंते नमुना बनवतात, असंच तिथलं काम. यंत्राची कल्पना घेऊन जाऊ नका, अडचण घेऊन जा, आणि ती एका वाक्यात सांगता येईपर्यंत घासा. “स्कोप सुकत नाही” हे वाक्य चालणार नाही. “पावसाळ्यात कोकणात रात्रभर टांगूनही चॅनेलमध्ये पाणी राहतं आणि कोरड्या हवेचं कपाट परवडत नाही,” यावर अभियंता वही उघडतो. मात्र तयार नमुना थेट पेशंटमध्ये घालायचा नाही. नैतिकता समिती आणि उपकरण नियम, २०१७ खालची परवानगी आधी. जुगाडाचं कौतुक गॅरेजमध्ये ठीक आहे.

तुमचा करार पाठवलात तर सहीच्या आधी नजर टाकेन. तोवर, युनिटचा नकाशा अजून पक्का नसेल तर आर्किटेक्टला सांगा: धुण्याच्या खोलीत दोन सिंक, एक घाणीचं आणि एक शेवटच्या पाण्याचं, दोन्ही लांब-रुंद. कोलोनोस्कोप छोट्या सिंकमध्ये गुंडाळून कोंबला की आतला चॅनेल दुमडतो, आणि ती दुरुस्ती कुठल्याच एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) बसत नाही.